किक नको, गिअर नको, किल्ली तेवढी इकडे द्या!

सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात कुठल्याही सिग्नलला उभं राहा. स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सनकोट अशा जामानिम्यातल्या बायकांची रांग समोर दिसेल. पायाशी डब्याची पिशवी, हुकाला भाजी, मागे दप्तरासकट लेक. आणि यांच्या गाड्यांना ना क्लच, ना गिअर. ‘लेडीज गाडी’ म्हणून जिला एकेकाळी नाकं मुरडली गेली, तिने दुचाकीचा अख्खा बाजार कसा फिरवला, त्याचे हे काही किस्से. मधूनमधून कामाच्या गोष्टीही आहेत.

आधी स्कूटर, मग मत

१९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ऑटोपेड’ नावाची गाडी बनू लागली. तिला सीटच नव्हती, फळीवर उभं राहून चालवायची. हँडलचा दांडा पुढे ढकलला की गाडी निघायची, मागे ओढला की ब्रेक लागायचा. लंडनमध्ये लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन या गाडीवरून कामाला जात. हॅट आणि लांब कोटातला त्यांचा १९१६ चा फोटो आजही प्रसिद्ध आहे. गाडी नवऱ्याने भेट दिलेली. बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या होत्या, आणि ब्रिटनमधल्या काही स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत मिळालं १९१८ मध्ये. म्हणजे सरकारने मत देण्याआधी दोन वर्षं बाई स्कूटरवरून हिंडत होत्या!

मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसाची करामत

स्कूटरचा आज ओळखीचा झालेला आकार आला इटलीतून, १९४६ मध्ये. व्हेस्पा घडवणारे कोरादिनो दास्कानियो हे मुळात विमान आणि हेलिकॉप्टरवाले. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. टांग टाकून चढा, चेनचं ग्रीस कपड्यांना लावून घ्या, हे कशाला? म्हणून त्यांनी मधला दांडा काढून टाकला, पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि इंजिन पत्र्याआड झाकलं. स्कर्ट घातलेल्या बाईला सहज बसता येईल अशी गाडी तयार झाली. पुढे साडी, सलवार-कमीज आणि धोतर या तिन्ही गोष्टींना तीच सपाट जागा उपयोगी पडली.

सोफिया लॉरेन आणि जपानी गृहिणी

१९७६ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘रोडपाल’ ही ५० सीसीची चिमुकली गाडी आणली. वजन पन्नास किलोच्या आत. किक मारायला ताकद लागू नये म्हणून पायाने स्प्रिंग गुंडाळायची सोय होती, ती सुटली की इंजिन चालू. जाहिरातीत साक्षात सोफिया लॉरेन! पुढच्याच वर्षी यामाहाने ‘पॅसोल’ काढली. स्कर्टमध्ये गुडघे जुळवून बसता येईल अशी तिची बैठक होती. बाजारहाट करणाऱ्या गृहिणी दोन्ही गाड्यांवर तुटून पडल्या. या छोट्या गाड्यांवरून सुरू झालेली चढाओढ पुढे होंडा आणि यामाहामधल्या घनघोर लढाईत बदलली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती जपानी उद्योगजगतात गाजली.

१९७२: पुण्याची दोन बाळं

एकाच साली पुण्याच्या दोन कंपन्यांनी दोन गाड्या बाजारात आणल्या. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना. दोघींचं आजोळ एकच, इटलीची व्हेस्पावाली पियाजिओ. चेतक व्हेस्पाच्या वळणाची, तर लूना पियाजिओच्या ‘चाओ’ मोपेडवरून बेतलेली.

स्वभाव मात्र दोन टोकांचे. चेतक दणकट, पत्र्याची. डाव्या मुठीत क्लच आणि तीच मूठ फिरवून गिअर. इंजिन एका बाजूला, त्यामुळे तोल जरा तिरका. चालू झाली नाही तर गाडी आडवी कलती करून परत किक मारायची हा घरोघरचा विधी. बाईची जागा बहुतेक वेळा मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन.

लूना म्हणजे ५० सीसीचं हलकं प्रकरण, त्यात सायकलसारखं पायडल. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठा. शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बाई, एलआयसीतल्या बाई अशा कितीतरी जणींनी आयुष्यातला पहिला ॲक्सिलरेटर पिळला तो लूनाचा. ‘चल मेरी लूना’ ही पीयूष पांडे यांची जाहिरात तर गाडीपेक्षा जास्त पळाली.

बटण दाबा, निघा

पुढची मोठी उडी १९८४ ची. कायनेटिक आणि होंडा एकत्र आले आणि मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या कारखान्यात कायनेटिक होंडा बनू लागली. ९८ सीसी, गिअर नाही, आणि सगळ्यांत मोठी चैन म्हणजे बटणस्टार्ट! किक मारून घोटा दुखवून घेतलेल्या पिढीला ही जादूच वाटली.

गंमत अशी की ही गाडी काही ‘बायकांसाठी’ म्हणून विकली जात नव्हती. पण एकदा घरात आली की तिच्यावर दोघांचा हक्क. सकाळी साहेब, दुपारी बाईसाहेब, संध्याकाळी क्लासला निघालेली मुलगी. एका गाडीवर घरातल्या सगळ्यांचा हात बसू शकतो, हे या गाडीने दाखवून दिलं.

गिअर नाही म्हणजे नेमकं काय?

गिअर असतोच, फक्त तो बदलायचं काम तुमच्याकडे नसतं. आत एक रबरी बेल्ट आणि दोन पुली असतात. इंजिनाकडच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर सरकतो. तिकडे मागच्या पुलीत तो तेवढाच आत उतरतो. झाला गिअर बदलून! मोटारसायकलचा गिअर जिना चढतो, स्कूटरचा घसरगुंडीवरून जातो, एवढाच फरक. ही युक्ती मोटारीत लोकप्रिय केली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने, १९५८ मध्ये. नाव ठेवलं ‘व्हेरिओमॅटिक’.

कामाची गोष्ट: हा बेल्ट झिजतो. तुटला तर गाडी जागच्या जागी, मग तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही पिळा. सर्व्हिसिंगला गाडी दिली की ‘बेल्ट आणि रोलर बघा’ एवढं आवर्जून सांगा.

सोळाव्या वर्षाची किल्ली

मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. पण बिनगिअरची आणि ५० सीसीच्या आतली गाडी असेल तर सोळाव्या वर्षीही परवाना काढता येतो. सवलत उत्तम, अडचण एवढीच की पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी स्कूटर आता दुकानात मिळतच नाही. तेव्हा दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून ११० सीसीची गाडी लेकीच्या किंवा लेकाच्या हातात देणाऱ्यांनी कायदा एकदा नीट वाचावा.

आणखी एक गंमत. कॉलेजकुमारांसाठी आलेल्या बजाज सनीच्या जाहिरातीत कोण होता? कोवळा, कुरळ्या केसांचा सचिन तेंडुलकर. सनी ६० सीसीची, म्हणजे ५० च्या सवलतीत तीही बसत नव्हती.

स्कूटी: गिऱ्हाइकाने कंपनीला शिकवलं

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात टीव्हीएसने स्कूटी आणली. ६० सीसी, हलकी, सुबक. सुरुवातीला ती मुलामुलींना, सगळ्यांनाच विकायचा बेत होता. पण दुकानात येऊन गाडी पसंत करत होत्या त्या प्रामुख्याने मुली. कंपनीने हे ओळखलं आणि दिशा बदलली. २००३ मध्ये चार स्ट्रोकची स्कूटी पेप आली, २००५ मध्ये पेप प्लस. जाहिरातीत प्रीती झिंटा, नंतर अनुष्का शर्मा. एका मोहिमेत तर ९९ रंगांची निवड देऊ केली होती. एरवी साडीच्या दुकानातच एवढे पर्याय बघायची सवय!

पण पेपची खरी हुशारी रंगात नव्हती. गाडीचं वजन साधारण ९३ ते ९५ किलो, म्हणजे शंभराच्या आत. आणि कमी जोरात चढणारा डबल स्टँड. बायका गाडी विकत घेताना कुठे अडतात, हे कुणीतरी त्यांना नीट विचारलं होतं.

डबल स्टँडचं गुपित

‘मला गाडी येते, पण डबल स्टँडला लागत नाही’ हे वाक्य प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतं. यात ताकदीचा संबंध फार थोडा. गाडी उचलायची नसतेच! आधी स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकवा. मग स्टँडच्या दांडीवर टाच देऊन अंगाचा सगळा भार खाली सोडा. उजवा हात मागच्या दांड्याला असू द्या, गाडी मागे येत असेल तेव्हा नुसती दिशा द्यायला. तरफेचा नियम बाकीचं काम करतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलेलं काहीतरी शेवटी कामी आलं म्हणायचं.

मजा फक्त मुलांनीच का करायची?

२००६ च्या सुमारास हीरो होंडाने ‘प्लेझर’ आणली ती सरळ हाच सवाल टाकत. जाहिरातीत प्रियांका चोप्रा. बायकांना शोरूममध्ये अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून कंपनीने ‘जस्ट फॉर हर’ नावाची खास दालनं काढली, जिथे विक्रेत्याही बायकाच. ‘साहेब, मॅडमना कुठला रंग आवडेल?’ हा जुना प्रश्न तिथे उलटा झाला. बोलायचं ते थेट मॅडमशीच.

आधी तिच्यासाठी, मग त्याच्यासाठी

२०१२ मध्ये यामाहाने भारतात ‘रे’ ही स्कूटर आणली. खास मुलींसाठी, जाहिरातीत दीपिका पदुकोण. २०१३ मध्ये त्याच गाडीची ‘रे झेड’ आली, ती मुलांसाठी! रंग भडक झाले, पट्टे बदलले, पण आत इंजिन तेच. गाडीला स्त्री-पुरुष काही कळत नाही, जाहिरात खात्याला मात्र कळतं, याचा यापेक्षा नामी पुरावा शोधून सापडणार नाही.

ॲक्टिव्हा: जिने कुणाला निवडलं नाही

कायनेटिकशी फारकत घेतलेली होंडा २००१ मध्ये एकटीच स्कूटर घेऊन परतली. नाव ॲक्टिव्हा. तेव्हा दुचाकीचा बाजार मोटारसायकलींच्या मुठीत होता. विकल्या जाणाऱ्या पाच दुचाकींमध्ये जेमतेम एखादी स्कूटर असायची. बजाजने तर २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं.

ॲक्टिव्हाने ‘ही अमक्यांची गाडी’ असं कधी म्हटलंच नाही. पत्र्याचं अंग, बटणस्टार्ट, सहज पाय टेकतील अशी उंची आणि सीटखाली मोठी डिकी. आजोबा, सून, नातू, घरातलं कुणीही चालवू शकेल अशी. २०२३ पर्यंत ३ कोटींहून अधिक ॲक्टिव्हा विकल्या गेल्या. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकींपैकी ६८ लाखांवर स्कूटर होत्या. म्हणजे तीन गाड्यांत एक तरी स्कूटर. बजाजची चेतकही २०२० मध्ये परत आली, बॅटरीवर.

उंचीचं गणित

बहुतेक स्कूटरच्या सीटची उंची ७६० ते ७७० मिलिमीटरच्या आसपास असते. पाच फुटांच्या आतल्या बाईला एवढ्यात दोन्ही पाय नीट टेकवणं अवघड. २०१४ मध्ये महिंद्राच्या ‘गस्टो’ने यावर अफलातून तोडगा काढला. सीट वर-खाली करता यायची. दिवसभर बायको चालवेल, रात्री उंच नवरा. गाडी फार चालली नाही, पण कल्पना अजूनही कुणी उचलावी अशीच आहे.

एक बारकावा: नुसती उंची बघून भागत नाही. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. पुढे निमुळती सीट असेल तर तीच उंची दोन बोटं कमी वाटते.

साडीसाठी कायदा

मागच्या चाकाला डाव्या बाजूने जी जाळी असते, तिला आपण सगळे साडीगार्ड म्हणतो. ती नुसती शोभा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, पाय ठेवायला आणि हाताने धरायला सोयही हवी. पदर आणि ओढणी यांची देशाच्या नियमावलीने रीतसर दखल घेतलेली आहे! तरीही स्कार्फची टोकं आणि ओढणी आवळून बांधायचं काम ज्याचं त्यानेच करायचं.

‘ताई, लाइट चालू आहे!’

समोरून येणारा माणूस भर दुपारी पंजा उघडतो, मिटतो, आणि आपण दचकून स्विच शोधतो. स्विच सापडत नाही, कारण तो नसतोच. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, गाडी लांबून दिसावी म्हणून. त्या परोपकारी काकांना हसून मान डोलवा आणि पुढे निघा.

एक दाबा, दोन लागतात

नवशिके घाबरले की डावा ब्रेक करकचून दाबतात. नुसतं मागचं चाक अडलं की गाडी घसरते. म्हणून २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. डावा दाबलात की पुढचाही थोडा लागतो. होंडाने ही सोय ॲक्टिव्हात २००९ मध्येच दिली होती.

स्कूटी पोचली खारदुंगलाला

‘स्कूटीवरून जाऊन जाऊन जाणार कुठे, मंडईत?’ असं विचारणाऱ्यांसाठी: २०१५ मध्ये लखनौच्या अनम हाशिम या तरुणीने ११० सीसीची स्कूटी झेस्ट लडाखमधल्या खारदुंगला खिंडीवर नेली. उंची साडेसतरा हजार फुटांच्या वर. तिथे हवा विरळ, मोठमोठ्या मोटारसायकलीही दमतात. मंडईचा चढ त्यापुढे काय!

सरकारी बक्षीस

तमिळनाडूने २०१८ मध्ये नोकरदार स्त्रियांसाठी ‘अम्मा’ योजना आणली. स्कूटरच्या निम्म्या किमतीइतकं, जास्तीत जास्त २५ हजारांचं अनुदान. आसामात बारावीत चमकलेल्या मुलींना सरकार स्कूटर देतं. राजस्थानात ‘कालीबाई भील’ यांच्या नावाची योजना हुशार मुलींना स्कूटी देते. हिशेब साधा आहे. कॉलेज दहा-बारा किलोमीटरवर आणि एसटी दिवसातून दोनदा, अशा गावात गाडी असेल तर शिक्षण टिकतं.

बॅटरीचं वजन

इलेक्ट्रिक गाड्यांनी पेट्रोल पंपावरची रांग संपवली, पण बॅटरीमुळे त्यातल्या बऱ्याचशा परत ११० किलोच्या वर गेल्या. वीस वर्षं घटवलेलं वजन पुन्हा चढलं. उपाय म्हणून अनेकींमध्ये रिव्हर्सची सोय आली. पार्किंगमधून गाडी ओढून काढायला नको, ती आपणहून मागे येते. डिक्या मात्र ऐसपैस झाल्या. २०२४ च्या एथर रिझ्टामध्ये एकूण ५६ लिटर सामान मावतं. त्याच वर्षी लूनाही इलेक्ट्रिक होऊन परतली. आणि २५० वॉटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या ई-स्कूटरला परवाना आणि नोंदणी दोन्ही लागत नाही. हेल्मेट मात्र घालाच, डोकं तेच आहे.

तात्पर्य, थोडक्यात

बटणस्टार्ट, बिनगिअर, हलका स्टँड, मोठी डिकी, पिशवीचा हुक. ‘बायकांना जमावं’ म्हणून हिणवली गेलेली यातली प्रत्येक सोय आज पुरुष हक्काने वापरतात. गुलाबी रंगाने फार काही साधलं नाही, साधलं ते कटकट कमी केल्याने.

तेव्हा गाडी घ्यायला जाल तर ब्रोशर बाजूला ठेवा. सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का बघा. स्वतः डबल स्टँडला लावा, स्वतः उतरवा, बंद गाडी दोन पावलं ढकलून पाहा. रंग सगळ्यांत शेवटी. हेल्मेट त्याच दिवशी, तुमच्या मापाचं. आणि चालवणार तुम्ही असाल तर नोंदणीच्या कागदावर मालक म्हणून नावही तुमचंच घाला.